पुढच्या खोलीतल्या बाई

सोमवारच्या सकाळच्या सभेत भूमीचे नाव उच्चारण्याची पाळी मेरिन पेंगेलीची होती, आणि तिने चुकीचे नाव उच्चारले. प्रथा तशी फार जुनी नव्हती, पण वापराने तिला जुनेपण आले होते. सभेचा आरंभ कोणा एकाने करावा. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचा अनादि काळापासून सांभाळ करणाऱ्या लोकांचे नाव घ्यावे, त्यांच्या गेलेल्या आणि असलेल्या ज्येष्ठांना वंदन करावे, आणि मग कामाला हात घालावा. पूजेला बसलेला माणूस संकल्पात आधी देश आणि काळ उच्चारतो, त्याच जातीचे हे उच्चारण. सारे जण ॲडलेडच्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बसत असत तेव्हा एकच नाव सर्वांना पुरे; ती गार्ना लोकांची भूमी. आता जो तो आपापल्या घरी, म्हणून ज्याच्या त्याच्या ओठी आपापल्या भूमीचे नाव. मेरिन मूंट्याला होती, आखाताच्या काठच्या त्या जुन्या तांब्याच्या गावात, वडिलांच्या घरी. आणि ती भूमी नरंगा लोकांची. गेले कित्येक महिने तिने तेच नाव घेतले होते. आज तिने मान किंचित लववली, कॅमेऱ्याच्या काळ्या डोळ्यात पाहिले, आणि शांत, स्पष्ट, सरावलेल्या आवाजात ती म्हणाली की आज मी गार्ना लोकांच्या भूमीवरून बोलत आहे. म्हणताना तिला काहीच खटकले नाही. खिडकीबाहेर वडिलांचे अंजिराचे झाड हिवाळ्याने पानांवाचून उभे होते, त्याच्यापलीकडे चॅपेलची दगडी भिंत, भिंतीपलीकडे सातूची कोवळी शेते. आणि या सगळ्याकडे पाहत असतानाच तिची जीभ दुसऱ्या गावी बसून बोलत होती.

चूक दाखवली विन्हने. विन्ह डांग तिच्याच गटातला, वयाने लहान, जिभेने तिखट. मेरिनला ‘मेझ’ म्हणण्याचा अधिकार त्याने पहिल्याच आठवड्यात परस्पर घेऊन टाकला होता. तो म्हणाला, “काय गं मेझ, न सांगता शहरात परत आलीस की काय? सांगायचंस तरी, कॉफी पाजली असती.” सगळे हसले. पण सर्वांचे आवाज बंद होते, म्हणून ते हसणे नुसते दिसले. चौकटीचौकटीतून तोंडे उघडली, खांदे हलले, आणि घरात शांतता तशीच राहिली. मेरिनही हसली. गाल वर गेल्याचे तिला कळले, ते दाताच्या डॉक्टरने बधिर केलेल्या गालाचे कळावे तसे. हसली नाही ती एकटी नेरिडा. नेरिडा कॉस्टेलो ही त्यांची प्रमुख. ती थोडी पुढे झुकली, बारीक अक्षरे वाचायला माणूस झुकतो तशी, आणि मग मागे टेकून तिने त्या दिवसाच्या कामाचा विषय काढला. सभा संपल्यावर तिचा एका ओळीचा संदेश आला. सगळं ठीक आहे ना, गुरुवारी भेटतोच आहोत. मेरिनने उत्तर पाठवले की अगदी ठीक. उत्तर तत्काळ पाठवावे, आणि त्यात उद्गारचिन्ह घालू नये, कारण ते घाबरल्यासारखे दिसते, हे ती शिकली होती.

गुरुवारी काय ठरायचे होते ते तिला हवामान ठाऊक असावे तसे ठाऊक होते. म्हणजे छत्री घ्यावी की नाही एवढ्यापुरते. उन्हाळ्यात तिचे वडील ऑल्विन पेंगेली आपल्या अंगणात पडले. डोक्यात रक्ताची एक गाठ झाली होती. ती विरघळली, पण जाताना डाव्या हातापायांतली ताकद आणि काही शब्द घेऊन गेली. आई पूर्वीच गेलेली, भावंड नाही, मेरिनचे स्वतःचे लग्न टिकले नव्हते, त्यामुळे तिला कोणाला विचारायचे नव्हते. शेजारच्या कडायना गावातल्या वृद्धगृहात एक खाट रिकामी होती. तेथल्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. म्हणाल्या, आम्ही ती काही काळ राखून ठेवू, घाई नाही. मेरिन ज्या विमा कंपनीत काम करीत होती तिथे तिने मूंट्याहून काम करण्याची परवानगी मागितली, आणि नेरिडाने वरिष्ठांशी भांडून ती काही महिन्यांच्या चाचणीपुरती मिळवून दिली. चाचणीचा काळ गुरुवारी संपत होता. परवानगी कायम झाली, तर बाप आपल्या घरात, आपल्या खुर्चीत राहणार. नाही झाली, तर मेरिनला आठवड्यातले निम्मे दिवस ॲडलेडच्या त्या मजल्यावर बसावे लागणार, आणि ऑल्विन पेंगेली त्या राखून ठेवलेल्या खाटेवर जाणार. नेरिडाने तेव्हाच स्पष्ट सांगितले होते की माझा तुझ्यावर विश्वास आहे, पण दूर राहून काम करणे हे एक वेगळेच कसब आहे, ते शिकावे लागते, सगळ्यांना जमत नाही, तू शीक.

आणि मेरिन शिकली. जे करायचे ते शास्त्रशुद्ध करायचे, हा तिचा स्वभावच होता. कंपनीने नेमून दिलेला लेक्स नावाचा प्रशिक्षक पडद्यावर येई. कोरलेली दाढी, मागे पुस्तकांचे एक चित्र, आणि आवाज असा की प्रत्येक वाक्य त्याने आधी धुऊन वाळवून ठेवलेले असावे. त्याने सांगितले की बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहू नका, कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पहा. तरच समोरच्याला वाटते की तुम्ही त्याच्या डोळ्यांत पाहत आहात. मेरिनने चेहऱ्यांकडे पाहणे सोडले. त्याने सांगितले की लिहावे ते असे लिहावे की वाचणाऱ्याला उलट विचारावे लागू नये. तिची वाक्ये आखूड आणि निर्मळ झाली. त्याने सांगितले की जागेवरून उठताना सांगावे, परतल्यावर सांगावे. दूर असणाऱ्याने दिसत राहिले पाहिजे, कारण न दिसणारा माणूस हळूहळू नसल्यातच जमा होतो. नावाशेजारी एक हिरवा ठिपका असे. काही वेळ यंत्राला हात लागला नाही की तो पिवळा पडे, आणि नावापुढे ‘जागेवर नाही’ असे उमटे. मेरिनचा ठिपका दिवसभर हिरवा राही. त्याने सांगितले की घरातले आवाज सभेत येऊ देऊ नका, आणि त्यासाठी एक सोय दाखवली. त्या सोयीने माणसाचा आवाज तेवढा पलीकडे जाई. कुत्र्याचे भुंकणे, भांड्याचे पडणे, दाराची कडी, हे सारे वाटेतच गळून जाई. कानांवर जाड हेडफोन चढवला की तेच आवाज तिच्यापुरतेही गळत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणून त्याने उंबरठ्याचा पाठ दिला. घर आणि कचेरी एकाच छपराखाली आली की मन दोन्हीकडे अर्धेअर्धे राहते, तो म्हणाला. म्हणून सकाळी घरातून खरोखर बाहेर पडा, घरच्यांचा निरोप घ्या, थोडे चाला, आणि दुसऱ्या दाराने कचेरीत प्रवेश करा. संध्याकाळी तसेच परत या. ज्याला हे साधले, त्याला सगळे साधले.

तिला ते साधले होते. सकाळी वडिलांचे अंघोळपाणी, औषधे, ओट्सची लापशी झाली की ती कचेरीचा सदरा चढवी, वर कोट घाली, त्यांच्या कपाळावर ओठ टेकी आणि म्हणे, येते हं बाबा. ते म्हणत, जपून जा पोरी, रस्त्यात कांगारू आडवे येतात. ती स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडे, चॅपेलला वळसा घाली, बंद पडलेल्या लोखंडी वस्तूंच्या दुकानावरून जाई. आखातावरून येणारा खारा वारा तोंडावर लागे, आणि त्याच वाऱ्यात कुठेतरी तिच्या डोळ्यांपुढून गाव निघून जाई. पायांखाली मूंट्याची फरशी असे, आणि डोळ्यांना किंग विल्यम रस्त्यावरून वळणारी ट्राम दिसे, कचेरीच्या खालच्या उपाहारगृहातल्या भाजलेल्या पावाचा वास येई, लिफ्टच्या आरशात बाही सारखी करणारी ती स्वतःच तिला दिसे. मग ती रस्त्याकडच्या दाराने त्याच घराच्या पुढच्या खोलीत शिरे. ती खोली एके काळी आईची बैठकीची होती. पडद्यावरून दिसणारी एक भिंत तिने पांढरी रंगवून घेतली होती. दुसऱ्या भिंतीवर आईने लावलेली गुलाबांची कागदी फुले तशीच होती, ती कोणाला दिसत नसत. मधले दार ती लावून घेई. दिवसभर ती इतरांची घरे पाही. गारपिटीने, वादळाने ज्यांची छपरे फुटली त्यांनी पाठवलेली छायाचित्रे तिच्यापुढे येत. ओल आलेली छते, फुगलेल्या लाकडी जमिनी, कोणाच्या तरी पलंगावर पडलेला मातीचा गिलावा. कितीही दुरून पाहिले तरी घराची नेमकी कोणती जागा आधी खचली ते ती सांगू शके. त्याबद्दल तिचे नाव होते.

दुपारी वडिलांना जेवण द्यायला मात्र मधले दार उघडावेच लागे. ती हेडफोन गळ्यात अडकवून घाईने स्वयंपाकघरात येई, रविवारी करून ठेवलेली पास्टी तापवी, कापून त्यांच्यापुढे ठेवी. मांस, बटाटा आणि सलगम भरून कडा मुडपलेली ती पास्टी, खाणकामासाठी समुद्रापलीकडून आलेल्या कॉर्निश लोकांच्या घरांतली. तिच्या कोपऱ्यावर खाणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर कणकेनेच उमटवायचे, ही पेंगेलींच्या घरात खाणीच्या दिवसांपासून चालत आलेली रीत. त्यांच्या पास्टीवर त्यांचे अक्षर, तिच्या पास्टीवर तिचे. एकदा अशीच ती उभ्याउभ्या आपली पास्टी उचलू लागली, तर वडिलांनी ताटलीवर हात ठेवला आणि अतिशय अदबीने म्हणाले, “अहो बाई, ती नका घेऊ. तिच्यावर माझ्या मुलीचं अक्षर आहे. ती आली की खाईल.” मेरिन हसली. कॉर्निश माणसाची थट्टा तोंड गंभीर ठेवूनच चालते, आणि तिचा बाप त्यात गावात एक नंबरचा. तिने कमरेत वाकून, चुकलं हो साहेब, म्हटले, आणि एक सफरचंद घेऊन पुढच्या खोलीत परतली. संध्याकाळी चॅपेलला वळसा घालून ती स्वयंपाकघराच्या दाराने आत आली तेव्हा तिच्यासाठी पास्टी झाकून ठेवलेली होती. आलीस पोरी, वडील म्हणाले, आणि मग मिस्किलपणे त्यांनी सांगितले की आपल्या पुढच्या खोलीत तू ज्या बाई ठेवल्या आहेस त्या दिवसभर बोलत असतात. वेड्या नाहीत, स्वभावाने सालस आहेत, जेवणही आणून देतात. पण बोलतात कोणाशी ते काही दिसत नाही. मेरिन म्हणाली, त्यांचं कामच तसं आहे बाबा, त्यांचा आवाज शहरात ऐकू जातो. असं होय, ते म्हणाले, मग भाडं वेळेवर देत असतील. दोघे हसले. तेव्हापासून ती थट्टा रोज संध्याकाळी थोडी थोडी वाढत गेली. आज बाईंचा सूर चढा होता, आज बाई कोणाची तरी समजूत घालत होत्या. मेरिनला ती आवडे. दिवसभरात एवढीच एक गोष्ट अशी होती, जिच्याकडे तिला भिंगातून पाहावे लागत नसे.

सोमवारच्या त्या चुकीनंतर मात्र तिच्या आत कुठेतरी एक खूण राहिली. दुखत नव्हती. अंगाखाली दबून दंड बधिर झालेला असावा आणि तो आपलाच आहे हे हाताने चाचपून पाहावे लागावे, तसे काहीतरी. मंगळवारी वळसा घालताना ती चॅपेलपाशी थांबली आणि हळूच म्हणून पाहिले, नरंगा. नाव बरोबर होते. गार्ना म्हणून पाहिले. तेही बरोबरच वाटले. ज्येष्ठांना वंदन करायचे, पण ते कोठे उभे राहून, हे मनाला कळेना. विन्हचा फोन आला तेव्हा ती तशीच उभी होती. तो म्हणाला की गंमत केली होती, राग नको मानू; नेरिडा विचारत होती मेझवर फार ताण आहे का, तर मी सांगितलं, ताण कसला, ती आमच्यापेक्षा जास्त हजर असते. “खरं सांगू,” तो म्हणाला, “तू इतकी तरबेज झाली आहेस की प्रत्यक्ष भेटलीस तर मी तुझा आवाज वाढवायचं बटण शोधत बसेन.” त्याच्या मागे त्याच्या आईची बेकरी चालू असावी, पण तिचा एकही आवाज आला नाही. त्यानेही ती सोय वापरली होती. मेरिनला वाटले की आपण दोघे दोन वेगवेगळ्या पाण्यांखाली उभे राहून बोलतो आहोत.

आणि पाण्याखाली म्हटल्यावर तिला धक्का आठवला. मूंटा बेचा लाकडी धक्का, समुद्रात लांबवर गेलेला. उन्हाळ्यातली भरती, वरती गळ टाकून बसलेले लोक, निळ्या खेकड्यांनी भरलेल्या बादल्या. ती सातआठ वर्षांची असेल. वडिलांनी तिला ठोक्यांची भाषा तिथे शिकवली. त्यांचे आजोबा तांब्याच्या खाणीत पिंजरा चालवीत. माणसांना जमिनीखाली उतरवणे आणि वर काढणे त्यांच्या हातात होते. खालच्या काळोखातून वर शब्द पोचत नसे, दोरीने घंटेचा ठोका तेवढा पोचे. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे पिंजऱ्यात माणूस आहे, जपून. दगड चढवताना कोणी तीन ठोके देत नसे; ते फक्त माणसासाठी. मेरिन धक्क्याखाली बुडी मारी, खांबाला मिठी मारून श्वास धरून राही, आणि वरून वडील फळीवर टाच आपटीत. पाण्याखाली त्या ठोक्याला दिशा नसे. तो समोरून येत नसे, वरून येत नसे. तो छातीच्या आतच वाजल्यासारखा वाटे. ती खालून खांबावर दगडाने तीनदा ठोके. वर आली की वडील तिला पाण्यातून ओढून घेत आणि म्हणत, माणूस होता होय, मला वाटलं दगडच. अंगाला टॉवेल घासताना त्यांचे हात गव्हाच्या गोदीत पोती उचलून खरखरीत झालेले असत. त्या हातांचा स्पर्श तिला आत्ता आठवता येईना. स्पर्श खरखरीत होता हे वाक्य तेवढे आठवत होते.

वडील अंगणात पडल्यानंतर दोघांनी तीच भाषा पुन्हा काढली होती. खुर्चीशेजारी त्यांची काठी असे; काही लागले तर मधल्या भिंतीवर ठोकायचे. सुरुवातीला ते ठोकीत आणि ती धावत जाई. मग हेडफोन आला, मग ती सोय आली. पुढे त्यांनी ठोकणे कमी केले असे तिला वाटले, आणि त्यांची प्रकृती सुधारते आहे असे तिने कडायनाच्या बाईंना कळवलेही.

गुरुवारी सकाळी तिने चहाचा कप मेजावर ठेवला, पांढऱ्या भिंतीपुढे खुर्ची सारखी केली, आणि नेरिडाच्या चौकटीऐवजी तिच्यावरच्या काळ्या ठिपक्याकडे पाहत बसली. नेरिडाने आरंभीच सांगितले की भूमीचे नाव आज मी घेते, तू नको घेऊस. आणि ती किंचित हसली, त्यामुळे मेरिनला कळले की त्या चुकीला क्षमा झाली आहे. मग नेरिडा बोलत राहिली. मेरिनचे काम, मेरिनची पत्रे, नवीन मुलांना मेरिनने दूर बसून कसे शिकवले. ती म्हणाली की लेक्स आता तुझं उदाहरण इतरांना देतो. मेरिनने योग्य जागी मान हलवली. तेवढ्यात तिची नजर भिंगावरून क्षणभर खाली आली, आणि कपातल्या चहावर तिला वर्तुळे दिसली. मध्यातून उठून काठाला भिडणारी, बारीक, नीटस वर्तुळे. विरली. पुन्हा उठली. हेडफोनमध्ये नेरिडाच्या आवाजाखेरीज काहीही नव्हते. मेरिनने चहाकडे पाहिले, वर्तुळांचा अर्थ तिच्यापर्यंत आला, आणि आला तसा एखाद्या दूरच्या घराच्या छायाचित्रासारखा तिच्यापुढे पडून राहिला. कोठेतरी भिंत हलते आहे. कोणीतरी तीनदा ठोकते आहे, थांबते आहे, पुन्हा तीनदा ठोकते आहे. तिने नजर उचलून भिंगात लावली.

“एकच विचारायचं राहिलं,” नेरिडा म्हणत होती. “घरी आजारी माणूस असून तुझ्याकडून कधी एक आवाजसुद्धा आला नाही. मला कौतुक वाटतं, पण काळजीही वाटते. कसं जमवतेस? वडिलांचा काही त्रास?”

“नाही,” मेरिन म्हणाली. “ते मला हाक मारत नाहीत.”

वाक्य आखूड आणि निर्मळ होते. ऐकणाऱ्याला उलट विचारावे लागणार नाही असे. नेरिडा म्हणाली, मग झालं तर, आजपासून कायम. वरून होकार कालच आला होता, मला फक्त तुझ्याशी बोलायचं होतं. अभिनंदन. बाबांना जाऊन सांग. मेरिनने आभार मानले. चौकट मिटली. तिने हेडफोन कानांवरून गळ्यात उतरवला आणि घर तिच्या कानांवर कोसळेल म्हणून ती वाट पाहत राहिली, पण घरात आता काहीच वाजत नव्हते. चहा निश्चल होता. आनंद झाला आहे का, हे तिने दंड चाचपून पाहावा तसे आत चाचपून पाहिले. हाताला काही लागले नाही. मग ती उठली, आणि उठताना, जागेवरून जाते आहे असे कोणालाही कळवायचे विसरली.

मधले दार उघडले तेव्हा वडील खुर्चीतच होते, सुखरूप. दोन्ही हात काठीवर. त्यांनी घरातला नव्हे, रविवारचा कोट घातला होता. एका हातानेच घातलेला, बटणे खालीवर. ताटलीखाली मेरिनचे अक्षर असलेली पास्टी झाकलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, कचेरीच्या सदऱ्याकडे, गळ्यातल्या हेडफोनकडे, आणि उठण्याचा प्रयत्न केला, परक्या बाई आल्यावर त्यांच्या पिढीचा माणूस करतो तसा.

“या, बसा,” ते म्हणाले. “बोलणं संपलं वाटतं. मी भिंत ठोकली मघाशी, माफ करा. माणसाला कामात असताना उठवू नये, कळतं मला.”

“बाबा,” मेरिन म्हणाली.

त्यांनी अर्धवट मागे वळून पाहिले, ही हाक आपल्यामागच्या कोणाला तरी असावी असे. मागे कोणी नव्हते. ते पुन्हा तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेची एक रेषाही नव्हती, आणि ती कधीच नव्हती, हे मेरिनला त्या क्षणी कळले; रोज संध्याकाळी वाढत गेलेली ती गोष्ट, ते हसणे, ती पास्टी, ते चुकलं हो साहेब. कळले, आणि तेही आधी वाक्यासारखेच कळले.

“तुमच्याकडे एक काम होतं,” ते म्हणाले. “तुमचा आवाज शहरात पोचतो असं आमची मेरिन सांगत होती. ती तिकडेच असते दिवसभर. तिला माझा एक निरोप द्याल?”

मेरिनने विचारले, काय सांगू.

“सांगा की कडायनाला खाट आहे म्हणतात, तर मी जातो तिथं. कोट घालून बसलोय म्हणावं.” त्यांनी शब्द शोधला, तो सापडला नाही, दुसऱ्याने भागवले. “सकाळी एवढ्या लांब जाते, दिवस मावळता येते. माझ्यापायी. गाडी चालवून चालवून पोरीच्या तोंडावरचा रंग गेलाय. मी तोंडावर सांगितलं तर ऐकायची नाही ती. तुमचं ऐकेल. तुम्ही नीट बोलता.”

खिडकीबाहेर वाऱ्याने अंजिराची एक फांदी पत्र्यावर घासत होती. तिचा आवाज येत होता, आणि तो किती दिवस येत असावा हे मेरिनला सांगता आले नसते. तिला काय करायचे ते ठाऊक होते. पुढच्या खोलीत परतायचे, कोट घालायचा, रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडून चॅपेलला वळसा घालायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत यायचे. मग ती मेरिन झाली असती, वडील आलीस पोरी म्हणाले असते, आणि बातमी सांगता आली असती. लेक्सने हेच सांगितले असते. तिचे पाय तिकडे वळलेही. पण त्या वाटेने आलेली मेरिन उद्या सकाळी पुन्हा निघून जाणार होती, आणि निरोप या बाईंपाशीच राहणार होता.

“तुम्ही मूळच्या कुठल्या म्हणायच्या?” वडील बोलण्यासाठी बोलले.

तिने तोंड उघडले. दोन्ही नावे जिभेवर आली, शेजारी शेजारी उभी राहिली, आणि एकही पुढे होईना. मग ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. चेहऱ्याकडे पाहिले, नुसत्या चेहऱ्याकडे. आणि बोटांच्या पेरांनी मेजाच्या लाकडावर तिने तीन ठोके दिले.

ऑल्विन पेंगेली ऐकत राहिले. मान एका बाजूला कलली, जशी ती पूर्वी धक्क्यावर, पाण्याकडे पाहताना कलत असे. डोळे तिच्यावर होते, पण त्या डोळ्यांत ती कोण म्हणून होती हे वाचता येईना; सालस भाडेकरू बाई, की पाण्याखालचे लेकरू, की खाणीच्या तळाशी पिंजऱ्यात उभा असलेला कोणी एक माणूस. मग त्यांनी काठी उचलली आणि जमिनीवर एकदाच टेकवली.

एका ठोक्याला अहो नसते आणि अगं नसते. थांब आणि थांबा यांत तो भेद करीत नाही. मेरिन बसून राहिली. जमिनीतून आणि मेजाच्या लाकडातून तो ठोका तिच्या पेरांत आला होता आणि अजून गेला नव्हता. पलीकडे, पांढऱ्या भिंतीच्या खोलीत, तिच्या नावाशेजारचा ठिपका काही वेळ हिरवा राहिला. मग कोणाचा हात लागेना म्हणून पिवळा पडला, आणि पुढे उमटले, जागेवर नाही.